काटेचेंडू

ठाणगावच्या वरच्या वाडीतून वनिता आगिवलेला उचललं
तेव्हा पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.
वहीत तशी नोंद आहे, माझ्या हातची.
वहीत नाही ते असं,

की तिच्या वेणीत, कानामागं, काळ्या दोऱ्यानं
बांधली होती एक वाळकी मुळी,
करंगळीएवढी, मातकट.
बोऱ्हाडे डॉक्टरबाई म्हणाल्या, हे काय, काढा.
भिकाबाई सदगीर म्हणाली, अजून नाही.
आणि ज्या आवाजात म्हणाली
त्यानंतर गाडीत कुणी तो विषय काढला नाही.

मी आरशातून बघत होतो. बघायचं नसतं.
डुबेऱ्याच्या अलीकडं रस्ता उकरून ठेवलेला,
दुसरा गिअर, पहिला, पुन्हा दुसरा,
प्रत्येक खड्ड्याला वनिता कुणाची तरी आई काढत होती,
बहुधा माझीच.

भिकाबाई बोलत राहिली,
वनिताशी की मुळीशी, कोण जाणे.
उत्कटारी हाये बाई ही, माळावरली.
उपटायची नसती. आदल्या दिशी जाऊन सांगायचं तिला,
अमकीच्या कामाला न्यायचीय, ये.
लोखंड लावायचं नाही, लाकडानं खणायची.
माझ्या बैलाच्या खांद्यात किडे पडले
तव्हा हिचीच पूड भरली,
तिसऱ्या दिशी जू घेतलं त्यानं.
पोरींच्या डोक्यात उवा झाल्या का बाभळीच्या डिंकात हीच.
देवाला वाहत नाही कुणी, बाजारात इकत नाही,
म्हणून तर उरली.
दम धर पोरी. दम धर.

सिन्नरचे दिवे दिसायला लागले
आणि मागून आवाज आला, घे बाजूला.
घेतली. हॅजर्ड लावले.
मग मी समोरच्या काचेवरचा एक मेलेला किडा
बराच वेळ बघत होतो.

पोर रडलं त्या क्षणी भिकाबाई ओरडली,
सोड, सोड, आधी मुळी सोड!
आणि स्वतःच दोरा दातानं तोडून
मुळी खिडकीबाहेर भिरकावली.
डॉक्टरबाई नाळेत गुंतलेल्या, तरी विचारलंच त्यांनी,
एवढी घाई कसली?

तिला बोलवायचं तेवढं ठाऊक, भिकाबाई म्हणाली,
थांबायचं ठाऊक नाही.
पोरामागं आतडी मागंल.

डॉक्टरबाईंनी इंजेक्शनची वेळ लिहिली.
भिकाबाईनं तुटका दोरा बोटाला गुंडाळून कमरेला खोचला.
दोघींचं भांडण झालं नाही.
दोघींचेही हात भरलेले होते.

ही भाद्रपदातली गोष्ट.

पौषात रिकामी गाडी घेऊन येत होतो,
त्याच जागी लघवीला थांबलो.
बांधाला, खडीच्या ढिगाच्या कडेला
उभे होते सात-आठ निळसर गोळे,
पोरांनी खेळून विसरलेले वाटावेत असे.
एकाला हात लावला. रक्त आलं.
बुटानं दाबला तर चेंडू फुटला
आणि कळलं की ते एक फूल नव्हतंच,
शंभरेक बारकी फुलं होती,
ज्याला त्याला स्वतःचा काटा.

माझा मेहुणा शेतकी कॉलेजात आहे.
तो म्हणतो, हे सूर्यफुलाच्याच कुळातलं.
असेल. मला पटायला वेळ लागतोय.
सूर्यफूल कोवळं असताना तरी मान वळवतं.
हे कुणाकडंच बघत नाही,
आणि सगळीकडं तोंड करून उभं आहे.

फेकलेल्या वाळक्या मुळीला फूल येत नसतं.
एवढं मला कळतं.
त्या माळावर दर हिवाळ्याला ती येतच असणार,
मीच कधी थांबलो नव्हतो.

तरी परवा त्या वळणावर गाडी हळू केली.
मागं पेशंट नव्हता, आरशात नुसतं स्ट्रेचर.
उशीर का झाला, ते लिहायला वहीत एक रकाना असतो.
मी लिहिलं, रस्ता खराब.